खुब्याचं ऑपरेशन झालं, आज्जी घरी आली, आता पुढचे तीस दिवस

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बेळगावात शहापूरला माझं मेडिकल दुकान आहे, वीसेक वर्षं काउंटरमागं उभा आहे, हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांची डिस्चार्ज कार्डं आठवड्याला एखाददुसरं तरी हातात येतंच, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला यातलं बऱ्यापैकी कळतंय. मग एका पावसाळ्यात आमची आज्जी, वय ८२, खानापूर तालुक्यातल्या गावच्या घरी पहाटे परड्यात गेली आणि शेवाळावरून घसरली. ऑपरेशन झक्कास झालं, सहाव्या दिवशी घरी आली, आणि घरी येऊन अकरा दिवस झाले तेव्हा तिला परत उचलून ऍडमिट करावं लागलं. हाडाला काहीच झालेलं नव्हतं. रक्तातलं सोडियम ११८ वर आलेलं, जे १३५ च्या वर पाहिजे.

झालं काय तर डिस्चार्ज कार्डावर बीपीची गोळी एका कंपनीच्या नावानं लिहिलेली, घरच्या डब्यात तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाची. दोन्हीत टेल्मीसार्टन आणि वर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी जास्त करणारं औषध, जे सोडियम खाली आणतं. आई बिचारी दोन्ही देत होती, डॉक्टरांनी नवीन दिलीय आणि जुनी बंद कर असं कुणी म्हणालं नाही म्हणून. वर दुखण्याची ट्रामाडॉल चालू आणि पोटात नुसती तांदळाची पेज. नवीन गोळ्या दुकानातून पिशवीत घालून मीच पाठवल्या होत्या, जुना डबा उघडून बघायचं मला सुचलं नाही. आज्जी दिवसभर झोपायला लागली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, ऑपरेशनचा अशक्तपणा आहे, झोपू दे.

हे लिहायचं कारण एवढंच की ऑपरेशननंतर परत ऍडमिट होणाऱ्यांतले बहुतेक लोक हाडामुळे येतच नाहीत. येतात ते न्यूमोनियाने, लघवीच्या इन्फेक्शनने, अंगातलं पाणी कमी झाल्याने, हार्टवर लोड आल्याने, बेडसोरने (पडून पडून होणारी जखम), पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याने, नाहीतर आमच्यासारखं गोळ्यांच्या घोळाने. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी घरातल्या माणसाच्या नजरेत दोन-तीन दिवस आधी येतात, बघायचं काय ते माहीत असलं तर.

आकडे एकदा बघून घ्या, मग बाजूला ठेवा

जगभरातले आकडे साधारण असे आहेत: खुबा मोडलेल्या शंभर म्हाताऱ्या माणसांपैकी पहिल्या महिन्यात पाच ते दहा जातात, वर्षभरात वीस ते तीस. महिन्याभरात परत ऍडमिट होणारे शंभरात दहाच्या आसपास. इंग्लंडमध्ये खुब्याच्या प्रत्येक पेशंटची देशपातळीवर नोंद ठेवतात, तिथे २००७ साली महिन्याभरातले मृत्यू शंभरात जवळपास अकरा होते, पुढे ते सहा-सातवर आले, आणि ते काही नव्या जादूच्या इम्प्लांटमुळे आले नाहीत, वेळेत ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी उठवणं, आणि हाडाच्या डॉक्टरबरोबर म्हाताऱ्या माणसांचा फिजिशियन सुरुवातीपासून ठेवणं, यानेच बराच फरक पडला.

जास्त धोका कुणाला? वय ८५ च्या पुढे, पुरुष (हो, बायका जास्त पडतात पण पुरुष जास्त जातात), हिमोग्लोबिन दहाच्या खाली, आधीपासून विसरभोळेपणा, दोन किंवा जास्त मोठे आजार, आणि कॅन्सर. तुमच्या घरातल्या माणसाला यातलं दोन-तीन लागू होत असेल तर खाली लिहिलेलं सगळं दुप्पट कडक करा.

पडल्या पडल्या

पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, म्हणजे खुबा मोडला असं धरूनच चाला. उभं करून बघू नका, पाय ओढू नका, तेल लावून चोळू नका. आपल्याकडे अजून पण आधी हाड बसवणाऱ्याकडे नेऊन झाडपाल्याचा लेप आणि बांबूच्या पट्ट्या बांधून आणतात, हाताच्या हाडाचं काय व्हायचं ते होवो, खुब्याला पट्टी बांधता येत नाही हो, तिथे त्या पट्टीखाली फक्त दिवस वाया जातात.

उलटा प्रकार पण असतो. माणूस पडतं, लंगडत का होईना चालतं, आज्जी म्हणते "पडलो नाही गा, नुसतं बसलो", आणि जांघेत दुखतंय दुखतंय करत आठवडा जातो. काही वेळा हाड एकमेकांत रुतून बसलेलं असतं, साध्या एक्सरेत दिसत पण नाही. एक्सरे क्लियर आणि जांघेतलं दुखणं तसंच असेल तर सीटी किंवा एमआरआय करायचं का असं तोंडाने विचारा.

१०८ ला फोन लावा, तोपर्यंत पांघरूण घाला, दोन्ही बाजूंनी उशा लावून पाय आहे तसा स्थिर ठेवा. आणि निघताना रोजच्या गोळ्यांचा अख्खा डबा, चष्मा, कवळी, कानाचं मशीन पिशवीत घ्या. पैसे नंतर कुणीतरी घेऊन येईल, कवळी कुणी आणत नाही.

ऑपरेशन कधी

२४ ते ४८ तासांत व्हायला पाहिजे. इंग्लंडच्या गाईडलाईनमध्ये ३६ तास धरतात. हिप अटॅक नावाची मोठी ट्रायल २०२० साली आली, १७ देश, २९७० पेशंट, आपला भारत पण त्यात होता, एका गटाचं ऑपरेशन साधारण सहा तासांत आणि दुसऱ्याचं साधारण चोवीस तासांत. नव्वद दिवसांतले मृत्यू ९ टक्के आणि १० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच, पण लवकर झालेल्यांत भ्रम कमी आणि चालायला लवकर. याचा अर्थ मी असा घेतो की रात्री नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलं तर जीव खाली-वर करायची गरज नाही, पण चार-पाच दिवस पलंगावर ट्रॅक्शन (पायाला ओढ देणारं वजन) लावून पडणं हे वेगळं प्रकरण आहे.

थांबायची खरी कारणं असतात: रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या, खूप कमी हिमोग्लोबिन, फुप्फुसात पाणी, न्यूमोनिया, सोडियम-पोटॅशियम फारच बिघडलेलं, ठोके अती जलद. आणि खोटी कारणं पण असतात, ती आपणच तयार करतो. पुण्याचा मुलगा येऊ दे. अमावस्या जाऊ दे. आधी कोल्हापूरला दाखवू, मग मिरजेला, मग परत बेळगावला. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांचं हे नेहमीचं आहे, तीन गावं फिरेपर्यंत तीन दिवस जातात आणि तेवढ्यात पाठीला लाल चट्टा उठलेला असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "कशासाठी थांबलोय आणि ते कधीपर्यंत नीट होईल?" उत्तर मिळालं तर थांबा.

"वय झालंय, आता कशाला चिरफाड" हे पण ऐकू येतं. ऑपरेशन फक्त चालण्यासाठी नसतं. न केलं तर दुखतंय म्हणून कूस बदलता येत नाही, बसता येत नाही, बेडपॅनवर घेताना माणूस ओरडतं, आणि छातीत कफ साठतो. जे आधीपासूनच शेवटच्या आजारात पलंगावर आहेत त्यांचं वेगळं, तिथे डॉक्टरांबरोबर बसून मोकळेपणाने बोलायला पाहिजे, नुसती दुखण्याची व्यवस्था करणं हा पण मान असलेला निर्णय आहे. बाकी नव्वदीची माणसं पण ऑपरेशन करून घरी येतात.

भूल कंबरेतून की पूर्ण, यावर नातेवाईक फार भांडतात. २०२१ च्या रिगेन ट्रायलमध्ये १६०० पेशंट होते, साठ दिवसांनी मृत्यू आणि चालणं यात दोन्हींत फरक निघाला नाही. भूलतज्ज्ञाला ठरवू द्या.

वॉर्डातले दिवस

यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे घरच्या माणसाचं काम नर्सइतकंच असतं.

आमच्या आज्जीला ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री भ्रम झाला. मला म्हणाली "कोण बा तू, माझी म्हस सोडून कोण नेली?" सलाईनची नळी ओढायला लागली. रात्रपाळीची सिस्टर चांगली होती, पण ती कन्नडमधून समजावत होती आणि आज्जीला कन्नड बाजारापुरतंच येतंय, तेही जागेपणी. अंधार, अनोळखी जागा, कानावर न कळणारी भाषा, चष्मा पिशवीत, कवळी डबीत. मी चष्मा लावला, कानाशी मराठीत बोललो, म्हस गोठ्यातच आहे, आज बुधवार आहे, तू दवाखान्यात आहेस, पाय मोडलेला जोडलाय. अर्ध्या तासाने शांत झाली. पुढच्या रात्री परत तेच, पण कमी. सीमाभागात हे लक्षात ठेवा: रात्री पेशंटजवळ त्याच्या भाषेत बोलणारं, ओळखीच्या आवाजाचं माणूस पाहिजेच, आणि नर्स काही सांगत असेल तर ते लगेच मराठीतून सांगणारं पण तेच. (उलटं पण खरं, घरात कन्नड बोलणारे असतील तर कन्नड बोलणारं माणूस बसवा, इथे भाषेचा वाद घालायचा नाहीये.)

भ्रमाचा एक गप्प प्रकार पण असतो. माणूस ओरडत नाही, नुसतं पडून राहतं, जेवत नाही, विचारलं की हं म्हणतं. सगळे म्हणतात किती शहाण्यासारखं झोपलंय. हा प्रकार जास्त फसवा आहे, दिसला तर डॉक्टरांना सांगा, आणि त्याच्यामागे इन्फेक्शन, सोडियम, ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं यातलं काय आहे ते शोधायला लावा. नुसतं झोपेचं इंजेक्शन देऊन गप्प करणं शेवटचा उपाय.

बाकी रोज विचारायच्या गोष्टी:

- आज पलंगावरून उठवणार का? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणं, जमलं तर वॉकर धरून उभं राहणं, हे नियम म्हणून व्हायला पाहिजे. "फिजिओ उद्या येतील" असं तीन दिवस चाललं तर मागे लागा.
- लघवीची नळी कधी काढणार? एक-दोन दिवसांच्या पुढे ठेवायला ठोस कारण पाहिजे. नळी राहिली की इन्फेक्शन आलंच समजा.
- दुखण्याला काय चालू आहे? पॅरासिटामॉल वेळेवर, नियमित. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या म्हाताऱ्या किडनीला झेपत नाहीत. ट्रामाडॉल लागते कधी कधी, पण भ्रम, बद्धकोष्ठ आणि कमी सोडियम हे तिघे तिच्या मागोमाग येतात.
- टाचा. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच गादीला टेकणार नाही. दर दोन तासांनी कूस. माकडहाड आणि टाच रोज उघडून, उजेडात बघायची, दाबल्यावर लाली जात नसेल तर जखम सुरू झालीय.

जेवण, पाणी, गोळी, सगळं बसवून द्या. झोपवून भरवलेला घास श्वासनळीत जातो आणि तोच पुढे न्यूमोनिया होतो. तीन रंगीत बॉल असलेलं श्वासाने ओढायचं यंत्र देतात ना, ते खिडकीत शोभेला ठेवू नका, जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायला लावा.

डिस्चार्जच्या दिवशी

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलावर असतं. एक माणूस बिलाला आणि एक माणूस फक्त माहितीला असं वाटून घ्या. माहितीवाल्याने कागदावर हे लिहून घ्यायचं, मराठीत, कारण कार्ड इंग्लिशमध्ये असतं आणि घरी औषध देणारी काकी किंवा वैनी ते वाचणार नसते:

खुब्याचा बॉल बदललाय की हाडात रॉड घातलाय? हा पहिला प्रश्न. बॉल बदलला असेल तर खाली मांडी घालून बसणं, भारतीय संडास, पायावर पाय टाकणं, खूप वाकणं, यांना बंदी असते, नाहीतर बॉल निसटतो. रॉड किंवा प्लेट असेल तर बंदी वेगळी. पायावर पूर्ण वजन टाकायचं का? रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी किती तारखेपर्यंत? साधारण चार-पाच आठवडे देतात, पण बरेच जण पाकीट संपलं की थांबवतात. टाके कधी काढायचे, बहुधा १२ ते १४ दिवसांनी. शेवटचं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी), सोडियम किती होतं? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरला फोन?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या गोळ्यांतल्या कुठल्या चालू, कुठल्या बंद. घरचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर ओता. खरंच ओता.

गोळ्यांचा डबा, दुकानदाराच्या नजरेतून

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते बघायचंच नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते बघायचं. दोन स्ट्रिपांवर बारीक नाव एकच असेल तर एक बाजूला ठेवा आणि तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा. आम्हाला राग येत नाही, उलट संध्याकाळी सातच्या गर्दीत न येता दुपारी आलात तर मी स्वतः अर्धा तास बसून लावून देतो.

दोन नावाच्या डबल गोळ्या तर आहेतच. शिवाय घरात लपलेल्या गोळ्या असतात: वर्षानुवर्षं रात्री झोपेसाठी घेतलेली अल्प्राझोलाम, कुणीतरी दिलेली दुखण्याची गोळी, सर्दीचं सिरप. झोपेची गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू. पण लपवू नका, कारण रात्री उठून पडायचं ते बऱ्याच वेळा तिच्यामुळेच. शुगरवाल्यांचं अजून एक, हॉस्पिटलात ठरवलेलं इन्सुलिन पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी असतं. घरी येऊन अर्धी भाकरी खाणाऱ्याला तेच युनिट दिलं तर पहाटे शुगर सत्तरच्या खाली जाते. जेवण कमी झालं की त्याच दिवशी फोन करा, आठवड्याने नाही.

वही

शंभर पानी साधी वही. रोज एक पान. मी आज्जीसाठी दुसऱ्या खेपेला केली आणि तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्यात सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, किती ग्लास पाणी, लघवी किती वेळा आणि रंग कसा, शौचाला झालं का, किती पावलं चालली, आणि एक ओळ, "आज कशी आहे". ही एक ओळ सगळ्यात कामाची. आमच्या वहीत आईने एका सोमवारी लिहिलेलं आहे, "आज मालिका लावली तरी बघितली नाही." त्यावरून आम्ही लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, घरीच गोळ्यांवर बरी झाली. तापाचा काटा तेव्हा ९८ वरच होता. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, मालिका बघायची थांबते, एवढंच.

घरी आल्यापासून सात दिवसांच्या आत एकदा डॉक्टरला दाखवा, फॅमिली डॉक्टर घरी येत असतील तर उत्तम, आणि सात ते दहा दिवसांत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम करायचं का ते विचारा, लॅबवाला घरी येऊन रक्त घेतो. आमच्या आज्जीचं सोडियम सातव्या दिवशी तपासलं असतं तर आयसीयूचे चार दिवस वाचले असते असं मला अजून वाटतं.

पाणी, जेवण आणि कुंदा

लघवीला उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. दीड लिटरच्या आसपास जायला पाहिजे, हार्ट किंवा किडनीवाल्यांना डॉक्टर सांगतील तेवढंच. नुसतं पाणी नको म्हणत असतील तर ताक, नाचणीची आंबील, मुगाचं कढण, सार, सगळं मोजायचं.

पेजेवर ठेवू नका. जखम भरायला आणि मांडीचा स्नायू टिकायला प्रोटीन लागतं, किलोमागे साधारण एक ग्रॅम किंवा थोडं वर, म्हणजे ५० किलोच्या आज्जीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट डाळीत तेवढंच. किडनीचा त्रास असेल तर विचारून. पायाचा रस्सा पितात हाडं जुळायला म्हणून, प्या, चव चांगली असते, पण त्याबरोबर मटणाचे दोन मऊ तुकडे पण खाऊ दे, रश्शात फार काही उतरत नाही.

आणि बघायला येणारे. प्रत्येक जण बेळगावचा कुंदा घेऊन येतो, नाहीतर गोकाकचा करदंट, म्हणजे गोडच. शुगरवाल्या पेशंटच्या उशाशी चार बॉक्स. त्यापेक्षा अंडी आणा, शहाळं आणा (किडनीवाल्यांना शहाळं नको), आणि सर्दी-खोकला असेल तर येऊच नका, फोन करा.

घर आणि चालणं

आपल्या जुन्या घरांत सोप्यापासून परड्यापर्यंत तीन उंबरे असतात आणि संडास मागे. म्हणून पलंग सोप्यात नाहीतर माजघरात आणा, जिथून चालणं कमी आणि माणसांची जाग जास्त. पलंग गुडघ्याइतका उंच पाहिजे, खाली असेल तर पायांखाली ठोकळे घाला. कमोड खुर्ची भाड्याने मिळते. न्हाणीत रबरी चटई, भिंतीला पकडायला दांडा, रात्रभर झिरो बल्ब. गोधड्या, पायपुसणी, मोबाईलच्या वायरी उचला. परड्यातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, जूनमध्ये एकदा नाही, पावसाळाभर.

वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला यायला पाहिजे. क्रम असा, आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पलंगावर पडल्या पडल्या घोटे वर-खाली, गुडघा गादीत दाबून धरणं, दिवसातून तीन-चार वेळा. पुढे खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. दुखतंय म्हणून व्यायाम चुकवतात, तर पॅरासिटामॉल अर्धा-पाऊण तास आधी द्या. "विश्रांती घे" हे वाक्य घरातून हद्दपार करा, पडून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा स्नायू दिवसागणिक झडतो आणि परत यायला महिने लागतात.

कधी उठून पळायचं

लगेच १०८: अचानक दम, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळे, शौचातून किंवा उलटीतून रक्त, काळी डांबरासारखी शौच (रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना तर नक्कीच). पाय एकदम आखूड झाला, वळला, जांघेत कळ येऊन उभंच राहता येईना.

त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही: एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, नवीन भ्रम किंवा जास्त झोप, ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चारने कमी किंवा ९४ च्या खाली (जुना दमा किंवा सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर त्यांचा आकडा आधीच विचारून ठेवा), आठ तास लघवी नाही, जखमेतून पू किंवा वास, पाच-सात दिवस उलटल्यावर पण पट्टी भिजणं, दोन वेळचं जेवण पूर्ण टाकणं, परत पडणं, लागलेलं दिसत नसलं तरी.

जाताना वही न्या. तिथला ड्युटी डॉक्टर नवीन असतो, त्याला तुमच्या आज्जीचं काही माहीत नसतं, वहीची चार पानं वाचली की त्याचा अर्धा तास वाचतो.

पैशाचं थोडक्यात

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के. इमर्जन्सी नसेल तर सरकारी हॉस्पिटलचं रेफरल मागतात, म्हणून ऍडमिट होतानाच काउंटरवर रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावर कर्नाटक सरकारने हरकत घेतली, तर कोल्हापूर-मिरजेला न्यायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) फोन करून आपल्या कार्डावर काम होतंय का ते पक्कं करा आणि मगच गाडी काढा.

दुसरा खुबा

टाके निघाले, माणूस चालायला लागलं की सगळे विसरतात की हाड मोडलं ते मुळात ठिसूळ होतं म्हणून, आणि दुसऱ्या बाजूचं पण तेवढंच ठिसूळ आहे. दुकानात मला जे दिसतं ते असं: कॅल्शियमच्या गोळ्या एक महिना घेतात, व्हिटॅमिन डीचे पाऊच चार घेतात, संपलं. ठिसूळपणाचं खरं औषध दहातले एक-दोन जण घेतात, कारण हाडवाले डॉक्टर ऑपरेशनवर थांबतात आणि आपण विचारत नाही.

झोलेड्रोनिक ऍसिड नावाचं इंजेक्शन आहे, ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. २००७ साली यावर मोठी ट्रायल आली, खुब्याच्या ऑपरेशननंतर नव्वद दिवसांच्या आत इंजेक्शन सुरू केलेल्या लोकांत नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी निघाले. आधी व्हिटॅमिन डी भरून काढावं लागतं, कॅल्शियम आणि किडनी तपासावी लागते, किडनी फार कमजोर असेल तर देत नाहीत. दुखरे दात असतील तर डेंटिस्टकडे आधी. दिल्यावर एक-दोन दिवस ताप-अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने जाते, घाबरून पळू नका. दोन महिन्यांच्या फॉलोअपला जाताना चिठ्ठीवर लिहून न्या: "ठिसूळपणाचं औषध कधी सुरू करायचं?"

त्याच फेरीत डोळे दाखवा, मोतीबिंदू पिकला असेल तर काढून घ्या. बीपी झोपून आणि उभं राहून असं दोन्ही मोजायला सांगा, उभं राहिल्यावर वीसने पडत असेल तर गोळी जास्त होत असेल, आणि पहाटे परड्यात जाताना माणूस कशामुळे पडतं ते तिथेच कळतं.

आज्जी आता ८६ ची आहे. वॉकर सोडून काठीवर आली, न्हाणीत अजून मी दांडा धरायला लावतो म्हणून शिव्या देते. इंजेक्शन दरवर्षी दिवाळीनंतर घ्यायचं ठरलंय, कालनिर्णयवर आईने त्या तारखेला लाल गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, "आदल्या दिवशी क्रिएटिनिन."